कुंकवाच्या दोन सुपाऱ्या आणि सहा कार्बन

जळोचीच्या आमच्या रानाच्या कडेनं कॅनॉलचा पाट जायचा. सुट्टीत घरी आलो की दुपारचं जेवण करून मी त्या पाटात पाय सोडून बसायचो आणि मांडीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून ठेवायचो. पुस्तक उघडं असायचं एवढं खरं. डोळे मात्र पाण्यावर असायचे. वरून बाभळीचं फूल पडलं की पाण्यावर एक वर्तुळ उठायचं, ते पसरत काठाला लागायचं, आणि मी पुढच्या फुलाची वाट बघायचो. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, लांबून वाटायचं की पोरगं अभ्यासात बुडालंय. बुडालो होतोच, पण गुडघ्यापर्यंतच.

ती पन्नास सालानंतरची वर्षं. एसटीच्या गाड्या अजून नव्या वाटत होत्या आणि आपल्या भाषेत सगळं शास्त्र आणायचं असं एक वारं पुण्यात सुटलं होतं. मी तिथं रसायनशास्त्रात एमएस्सी करत होतो. आमच्या सरांनी मराठीतून रसायनशास्त्राचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. त्यातलं एक प्रकरण त्यांनी मोठ्या विश्वासानं माझ्या गळ्यात घातलं. कार्बनच्या साखळ्या ज्या क्रियांमध्ये वळतात, टोकाला टोक लागतं आणि वलय तयार होतं, त्या सगळ्या क्रियांची वर्गवारी करायची आणि त्यांना मराठी नावं द्यायची.

"इंग्रजी पुस्तकात या क्रियांना शोधणाऱ्यांची आडनावं दिलीत," सर म्हणाले. "आडनावावरून तुझ्या गावच्या पोराला कळणार आहे का, कार्बनचं काय झालं ते? काय घडतं ते बघ आणि त्यावरून नाव ठेव."

सांगायला सोपं होतं. मी पहिल्याच आठवड्यात एका क्रियेला 'शेपूटगिळी' असं नाव दिलं. एकच लांब साखळी असते, तिची दोन टोकं एकमेकांना भेटतात, भेटताना पाण्याचा किंवा अल्कोहोलचा एक रेणू बाहेर टाकतात आणि वलय मिटतं. सरांनी ते नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हे पुस्तक मुलीही वाचणार आहेत."

कुणा परदेशी शास्त्रज्ञाला म्हणे स्वप्नात स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि त्याला सहा कार्बनांचं वलय उमगलं. मीही पाटाच्या काठी बाभळीखाली मुद्दाम झोप काढून बघितली. मला स्वप्नात आमची म्हैस दिसली. तिनं शेपटी तोंडात धरली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली. जागा झालो तेव्हा ती खरोखरच समोर उभी होती आणि पुस्तकाचं एक पान तिच्या तोंडात होतं.

सगळ्यात घोळ घातला तो एका वेगळ्याच जातीच्या क्रियेनं. तिथं एक साखळी स्वतःशी मिटत नाही. दोन वेगळे रेणू असतात. एकाकडे चार कार्बन, दुसऱ्याकडे दोन. ते समोरासमोर येतात आणि दोन्ही टोकांनी एकमेकांना धरतात. काहीही बाहेर टाकत नाहीत, काही उरत नाही, आणि सहाचं वलय तयार होतं. यातली गंमत अशी की ते दोन बंध एकदम जुळतात की आधी एक आणि मग दुसरा, यावर मोठमोठे लोक भांडत होते. सर म्हणाले, "त्यांचं भांडण मिटेपर्यंत आपल्याला थांबता येणार नाही. तू नाव शोध."

मी नाव शोधत होतो, तेव्हाच आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं.

लोणी भापकरचे तात्या, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, स्थळ घेऊन आले. माणूस इंदापूरचा, त्याला गावात सगळे अण्णा म्हणत. मुलगा तिथल्याच शाळेत मास्तर. बघायच्या कार्यक्रमात त्यानं माझ्या बहिणीला एकच प्रश्न विचारला होता, "पुढं शिकणार का?" ती मॅट्रिक झाली होती, आणि असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाव्हणे गेल्यावर ती मेथीच्या जुड्या बांधायला बसली आणि तिनं एकेका जुडीला दोन-दोन गाठी मारल्या. आईनं ते बघितलं आणि पुढची जुडी तिच्याकडे सरकवली. हे नाही जमलं, तर तात्यांच्या हातात दुसरं स्थळ तयार होतं. चांगलं खातंपितं, बारा-पंधरा जनावरं, आणि शाळेचं नाव काढायचं नाही असं घर.

अण्णांची अट एकच होती. आमची मुलगी त्यांच्या मुलाला आणि त्यांची मुलगी मला. साटंलोटं. आमच्याकडे यात नवल काही नव्हतं. दोन घरांत दोन सोयरिकी, कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही.

तात्यांनी मला विचारलं तेव्हा मी अंगणात बसून मनातल्या मनात कार्बन मोजत होतो. मोजताना माझी मान आपोआप हलते. अजूनही हलते. तात्या म्हणाले, "बघा, पोरगं व्हय म्हणतंय." अशा रीतीनं माझ्या लग्नाला माझी संमती मिळाली. मुलगी मी आधी पाहिली होती असं घरचे लोक सांगत. मला आठवत होत्या फक्त पोह्यांची बशी धरलेल्या हातातल्या हिरव्या बांगड्या. त्या सहा होत्या, आणि माझं मन तिथंच अडकलं होतं.

बैठकीसाठी इंदापूरला निघायच्या दिवशी बहिणीनं मला गोठ्याच्या मागं गाठलं.

"दादा, तितं तू तोंड उघडायचं न्हाय."

"मी काय करतो?"

"काय करतोस? परवा भाजी घ्यायला आलेल्या माणसाला तू वांग्याच्या रंगाचं रसायन सांगत बसलास. त्यो वांगी न घेता गेला. तितं कुणी कायबी इचारलं तरी नुसती मान हलवायची. माझी शपथ हाय."

मी मान हलवली. मला वाटलं, एवढं काय अवघड आहे.

बारामतीला गाडी बदलायची होती. मध्ये वेळ होता म्हणून तात्या पेठेत एका भाईंच्या किराणा दुकानात शिरले. "दोन सुपाऱ्या द्या, भाई. कार्याच्या हायत. कडक द्या, फुटताना आवाज आला पायजे."

"तात्या, आवाजाची सुपारी म्हणता?" भाईंनी पोत्यात हात घालून दोन निवडल्या आणि एकमेकींवर टक्‌ करून आपटून दाखवल्या. "ही जोडी. पाच गावांत ऐकू जाईल."

आमच्याकडे रीत अशी की बैठकीत बोलणी पुरी झाली की पाच माणसांसमोर कुंकू लावलेली सुपारी फोडायची आणि तिचा तुकडा सगळ्यांना वाटायचा. सुपारी फुटली की लग्न ठरलं. त्यानंतर मागे फिरणं म्हणजे चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. दोन लग्नं, म्हणून दोन सुपाऱ्या.

इंदापूरची गाडी उसाच्या फडांमधून जात होती. खिडकीतून गार वारा यायचा, मग मध्येच माळ लागायचा आणि तापलेल्या मातीचा वास यायचा. माझे डोळे मिटत होते. मिटल्या डोळ्यांपुढं कार्बन फुगडी घालत होते. चौघं एका बाजूला हात धरून उभे, दोघं दुसऱ्या बाजूला. ते एकमेकांकडे सरकत होते, हात पुढं करत होते आणि हात हाताला लागायच्या वेळी गाडी खड्ड्यात जायची. प्रत्येक वेळी तिथंच. दोन्ही हात एकदम लागले की आधी एक, हे मला त्या झोपेत कळणार होतं, अशी माझी आजही खात्री आहे. रस्त्यानं घात केला.

अण्णांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. अण्णा साधे, गोरे, हळू बोलणारे. त्यांचा मुलगा, म्हणजे मास्तर, खांबाला टेकून उभा. अण्णांच्या शेजारी मुलाचे मामा बसले होते. मोठ्या मिशा, अंगात कोट. मामांना स्वतःची एक मुलगी आहे हे तात्यांनी मला गाडीतच सांगितलं होतं. भाच्यावर मामाच्या मुलीचा हक्क आधी, ही आमच्याकडची जुनी समजूत. मी मनात म्हटलं, ही शेपूटगिळी. घरातल्या घरातच वलय मिटवायचं.

मध्ये पानाचं तबक होतं. त्यात चार सुपाऱ्या, लवंगा, वेलदोडे आणि अडकित्ता. शेजारी ताम्हनात आमच्या दोन कुंकवाच्या सुपाऱ्या.

बोलणी बरी चालली होती. मानपान झाले, पाव्हण्यांची संख्या झाली. मग मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"आमी म्हणतो, आधी आमच्या पोरीचं उरकून घेऊ. तुमच्या पोरीचं फुडल्या साली बघू. दोन कार्यं एकदम म्हंजी हिकडं पळ, तिकडं पळ."

आबा ताठ झाले. "पाव्हणं, साटंलोटं म्हंजी एकाच मांडवात. एक झालं आन् एक ऱ्हायलं, तर ऱ्हायलेल्या पोरीनं काय करायचं?"

"इस्वास न्हाय व्हय आमच्यावर?"

"इस्वास हाय. म्हणून तर एकाच दिशी म्हणतोय."

अण्णा मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत होते. मास्तरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मामांनी त्याच्याकडे बघितल्यावर मिटलं. तो मामांच्याच घरी राहून शिकला होता, हे मला नंतर कळलं. मला दिसत होतं ते एवढंच की माझ्या बहिणीची पुढची सगळी वर्षं त्या सतरंजीवर मध्यभागी पडलीत आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या पायांकडे बघतायत.

आणि मला आनंद झाला! तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, पण माझ्या अंगावर काटा आला. समोरासमोर दोन बाजू, दोन नवे बंध, आणि भांडण हे की दोन्ही एकदम जुळायचे की एकामागून एक. परदेशातले मोठे लोक ज्यावर भांडत होते तेच अण्णांच्या ओसरीवर चाललं होतं. त्या क्रियेचं नाव मला सापडलं होतं.

मामांनी आबांवरचा मोहरा माझ्याकडे वळवला. "नवरदेव काय बोलंना? पाव्हणं मुकं हायती का?"

मी मान हलवली.

"म्हंजी मुकंच?"

मी परत हलवली. कुणीतरी हसलं.

"बरं, मुकं तर मुकं. पुण्यात शिकता काय, ते तर खुणंनं सांगा."

बहिणीची शपथ तोंडापुरती होती. हाताबद्दल ती काहीच बोलली नव्हती. मी तबक ओढलं. चार सुपाऱ्या सतरंजीवर वाकड्या ओळीत मांडल्या आणि त्यांच्यामध्ये लवंगा ठेवल्या. पहिल्या दोघींत दोन लवंगा, मधल्या दोघींत एक, शेवटच्या दोघींत परत दोन. हे झाले चार कार्बन आणि त्यांचे बंध. आता समोर दोन कार्बन हवेत. तबकातल्या सुपाऱ्या संपल्या होत्या. माझा हात आपोआप शेजारी गेला, अडकित्त्यात काहीतरी धरलं आणि मी दाबलं.

कट्‌.

भाईंचा शब्द खरा होता. आवाज फार सुंदर आला.

दोन सारखे तुकडे पडले. मी ते चौघींच्या समोर ठेवले, मध्ये दोन लवंगा. आता खरा खेळ. इथं तीन लवंगा एकदम सरकवाव्या लागतात, आणि मला हात दोनच. डाव्या हातानं एक, उजव्या हातानं एक, आणि तिसरीला मी वाकून फुंकर मारली. ती बरोबर जागेवर गेली. सहाचं वलय! एकही लवंग उरली नाही, एकही कमी पडली नाही. मी कृतार्थ होऊन वर बघितलं.

वलयाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे माझ्या बोटांकडे बघत होते. बोटं कुंकवानं लाल झाली होती.

"फुटली," तात्या अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"फुटली की!" मामांच्या मिशा पसरल्या. "पाच माणसांफुडं फुटली. मुलीच्या दारात, नवरदेवाच्या हातानं. मंग ही आमच्या पोरीची फुटली. ठरलं! अण्णा, पेढं मागवा." आणि ताम्हनात उरलेली दुसरी सुपारी त्यांनी उचलली आणि सावकाश कोटाच्या खिशात घातली. "ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. जपून ठिवतो. फुडल्या साली बघू."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शपथ मी पाळली होती, एक शब्द बोललो नव्हतो, आणि बहिणीला अर्ध्यावर उभं करून ठेवलं होतं. एक बंध जुळला आणि दुसरं टोक मोकळं राहिलं, तर ते टोक फिरून भलत्याच कुणाला जाऊन जुळू शकतं. मी वाचलेल्या पुस्तकात हे अगदी स्पष्ट लिहिलं होतं. ते भलतं कुणीतरी मामांच्या घरी मामांची वाट बघत बसलं होतं. मला मेथीच्या जुडीवरच्या त्या दोन गाठी दिसल्या. ओसरीसमोरच्या उन्हात धूळ तरंगत होती, इतकी हळू, की वाटलं हेही स्वप्न असेल आणि गाडी आता खड्ड्यात जाईल.

तेवढ्यात आतून चहा आला. कपांच्या मागं हिरव्या बांगड्या होत्या. त्या मी ओळखल्या. तिनं आधी आबांना कप दिला, मग तात्यांना. मला देताना खाली मांडलेल्या वलयाला पदर लागणार नाही एवढं बघून ती वळली. मग मामांपुढं गेली आणि कप न देता थांबली.

"मामा, खिशात घातलेली सुपारी फुटंल कशी?"

"तू आत जा. मोठ्यांच्यात बोलू नगं."

"जाते की. पर मी त्या घरात जायची, आन् त्यांची पोर हितं यायची न्हाय. मंग त्या घरात भाकरी थापताना रोज मला कोण काय म्हणंल, ते मी ऐकायचं. तुमी जळोचीला येणार हाय का ऐकायला?"

अण्णांनी मान वर केली. मला वाटतं त्यांना आपल्या मुलीचा आवाज तेव्हा पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकू आला.

"तुमच्याच मानाची हाय ती, मामा," ती जरा हळू म्हणाली. "भाच्याची सुपारी मामानं फोडायची. दुसऱ्या कुणी फोडली तर आमालाच बरं वाटायचं न्हाय." मग माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाली, "फकस्त ह्यांच्या हातात अडकित्ता दिऊ नका."

ओसरीवर एकदम हशा झाला. आबाही हसले, आणि मला तिथंच कळलं की मी वाचलो. मास्तर खांब सोडून पुढं आला आणि मामांच्या पायाशी बसला. "मामा," एवढंच म्हणाला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, माझ्या लाल बोटांकडे बघितलं. मिशीचं एक टोक चावलं.

"वकिलीण हाय ही," ते म्हणाले. "नवरदेव, तुमी मुकंच ऱ्हावा. घरात दोन तोंडं नकोत." आणि खिशातून सुपारी काढून त्यांनी ती अडकित्त्यात धरली.

दुसरा आवाज पहिल्याएवढा सुंदर नव्हता. पण मी आयुष्यात ऐकलेल्या आवाजांत तो मला सगळ्यात जास्त आवडतो.

घरी आलो तेव्हा बहीण पाटावर हंडा भरत होती. "बोललास का?" तिनं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिला खरं वाटलं. संध्याकाळी तात्यांनी तिला सगळं सांगितलं आणि त्यानंतर लग्नापर्यंत मी दिसलो की सुपारी लपवायची, असा नियम तिनं घरात लावला. लग्नानंतर तिनं मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि पुढं त्याच शाळेत शिकवलं. पण ते नंतरचं.

पुण्याला गेल्यावर मी सरांपुढं मोठ्या तोऱ्यात नाव ठेवलं: 'साटंलोटं वर्गाच्या क्रिया'. कारण सांगितलं, सुपाऱ्या मांडून दाखवल्या, तिसऱ्या लवंगेला फुंकर मारली. सर खूप हसले. मग त्यांनी ते खोडून एक लांबलचक संस्कृत नाव लिहिलं. ते आता माझ्या लक्षातही नाही.

लग्न एकाच मांडवात झालं, इंदापूरला. दोन जोड्या, दोन अंतरपाट, एकच मंगलाष्टकं. मी मनात ठरवलं होतं की आज छडा लावायचा. दोन्ही अंतरपाट एकदम खाली येतात की एक आधी, हे नीट बघायचं. शेवटचं सावधान झालं आणि मामांनी फेकलेल्या अक्षता नेमक्या माझ्या डोळ्यात गेल्या. डोळे उघडले तेव्हा दोन्ही अंतरपाट खाली होते.

मी सगळ्यांना विचारलं. आबा म्हणाले, एकदमच आले. तात्या म्हणाले, तुझा आधी. बहीण म्हणाली, "माझा आधी, दादा, तू कुठं तयार होतास?" बायकोला विचारलं तर ती बांगड्या मागं सारत म्हणाली, "मांडवापातूर कुणाला दम होता? मी दाराआडून बघत होते. तुमी त्या लवंगंला फुंकर मारली ना, झालं तवाच. मामाला तेवढं उशिरा समजलं."